गारुडी आणि त्याचा जमुरा

मनुष्यास फसवणूक आवडत नाहीं, असें आपण नेहमीं म्हणतों. वाणी मापांत मारूं लागला तर आपण त्याच्याशीं भांडतों; मित्र खोटें बोलला तर त्याच्याशीं अबोला धरतों. परंतु हाच मनुष्य आठवड्याच्या बाजारांत डुगडुगीचा आवाज ऐकतांच हातांतील पिशवी सांवरीत गर्दींत घुसतो, टांचा उंच करून पाहूं लागतो, डोळ्यांदेखत फसतो, आणि वर पदरचा पैसा टाकून हंसत हंसत घरीं जातो. हा विरोध मौजेचा तर आहेच, पण विचार करण्यासारखाहि आहे.

त्यांत आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. रस्त्यावरील जादूचा खेळ सहसा एकटा मनुष्य करीत नाहीं. गारुड्याबरोबर एक पोरगा असतो. त्यास जमुरा किंवा जम्बुरा म्हणतात. गारुडी हा गुरु, तर जमुरा हा चेला. गारुडी प्रश्न विचारतो आणि जमुरा उत्तर देतो. गारुडी रागावतो आणि जमुरा त्याची फजिती करतो. पाहणारांस वाटतें कीं जादू सगळी गारुड्याच्या हातांत आहे व पोरगा केवळ हंसविण्यापुरता आणलेला आहे. वस्तुस्थिति बरीच निराळी असते. या जोडीचें काम कसें चालतें, विनोदाचा जादूशीं संबंध काय, आणि या जोडीनें गांवच्या बाजारापासून जगाच्या रंगभूमीपर्यंत कसा प्रवास केला, हें यथाशक्ति सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आपल्या जिल्ह्यास, म्हणजे २०२४ पर्यंत अहमदनगर म्हणून ओळखल्या गेलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यास, हा विषय परका नाहीं. पाथर्डी तालुक्यांतील मढी हें कानिफनाथांच्या समाधीचें स्थान. होळीच्या सुमारास तेथें जी मोठी यात्रा भरते, तींत नाना जातींचे भटके लोक दुरून दुरून येतात. म्हणूनच मढीस ‘भटक्यांची पंढरी’ असें म्हटलें जातें. तेथील गाढवांचा बाजार प्रसिद्धच आहे. नाथपंथाशीं आपलें नातें सांगणाऱ्या या फिरस्त्या लोकांत वैदू आहेत, गोपाळ आहेत, तसेच खेळ करून पोट भरणारेहि आहेत. महाराष्ट्र सरकारच्या भटक्या जमातींच्या यादींत गारुडी या नांवाची स्वतंत्र नोंद आहे. मूळ गारुडी म्हणजे सापाचें विष उतरविणारा. गरुड हा सापांचा वैरी, त्यावरून हें नांव पडलें. पुढें साप खेळविणारा आणि हातचलाखी करणारा अशा दोघांसहि तोच शब्द लागूं झाला. मदारी हा शब्दहि याच अर्थानें रूढ आहे.

आतां खेळाकडे वळूं. गारुडी प्रथम जमिनीवर एक मळकट चादर पसरतो. तीवर तीन वाट्या, कांहीं लहान गोळ्या, एक हाडूक, एक झोळी व एक टोपली मांडतो. मग डुगडुगी वाजवून तो हिंदुस्थानी व मराठी यांची खिचडी असलेल्या भाषेंत जमुऱ्यास हांक मारतो. पोरगा दुरूनच ‘हां उस्ताद’ म्हणून ओ देतो. ‘जें विचारीन तें सांगशील काय?’ ‘सांगेन.’ ‘खोटें तर सांगणार नाहींस?’ ‘तुम्ही शिकविलें तेवढेंच सांगेन.’ येथें लोक हंसतात, कारण पोराच्या भोळ्या उत्तरांत गारुड्याचें बिंग फुटल्यासारखें वाटतें. गारुडी कपाळास हात लावतो. परंतु विचार केल्यास दिसेल कीं, हा पहिला हंशा पिकेपर्यंत पांचपंचवीस माणसें रिंगण धरून उभीं राहिलेलीं असतात. दुकान मांडून झालें आणि गिऱ्हाईकहि जमलें. जमुऱ्याचें पहिलें काम झालें.

यानंतर वाट्यांचा खेळ सुरू होतो. एका वाटीखालीं ठेवलेली गोळी दुसरीखालीं निघते, दुसरीखालची नाहींशी होते, आणि अखेरीस तिन्ही वाट्यांखालून भलतेंच कांहीं बाहेर पडतें. हा खेळ जगांतील अत्यंत जुन्या खेळांपैकीं एक असून तो पूर्वेकडे व पश्चिमेकडे सारख्याच आवडीनें पाहिला जात आलेला आहे. त्याचें सगळें मर्म असें कीं, जेव्हां गोळी खरोखर हलविली जाते, त्या क्षणीं कोणाचेंहि लक्ष तिकडे असतां कामा नये. लक्ष दुसरीकडे वळवावयाचें कसें? ओरडून वळविल्यास लोक सावध होतात. याकरितां विनोदाची योजना असते.

विनोदाचें सामर्थ्य असें कीं, हंसतांना मनुष्याची पकड ढिली होते. हंसूं आलें कीं तो डोळे बारीक करतो, मान मागें टाकतो, शेजाऱ्याकडे पाहतो. त्या अर्ध्या पळांत त्याच्या मनानें पहारा सोडलेला असतो. कसबी गारुडी आपलें खरें काम हंशाच्या आधीं करीत नाहीं व हंशानंतरहि करीत नाहीं. तो तें ऐन हंशांत उरकून घेतो. जमुऱ्यानें चेष्टा करावी, लोकांनीं पोटभर हंसावें, आणि तेवढ्यांत उस्तादाचा हात झोळींत जाऊन यावा, असा हा सगळा बेत असतो. लोक पुन्हां टक लावून पाहूं लागतात, तेव्हां पाहण्यासारखें कांहींच उरलेलें नसतें.

हल्लीं शास्त्रज्ञांनींहि या गोष्टीचा अभ्यास चालविला आहे. १९९९ सालीं सायमन्स व शाब्री या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं एक मोठा मौजेचा प्रयोग प्रसिद्ध केला. चेंडू फेंकणाऱ्या खेळाडूंचें एक चलच्चित्र लोकांस दाखवून, चेंडू किती वेळां फेंकला तें मोजावयास सांगितलें. चित्राच्या मध्यंतरीं गोरिल्ल्याचें सोंग घेतलेला एक मनुष्य खेळाडूंच्या मधून चालत गेला, छाती बडवून निघूनहि गेला; परंतु मोजण्यांत गुंतलेल्या जवळजवळ निम्म्या प्रेक्षकांस तो दिसलाच नाहीं! डोळे उघडे होते, गोरिल्ला डोळ्यांपुढें होता, आणि तरी तो दिसला नाहीं. कारण पाहण्याचें काम डोळ्यांइतकेंच लक्षाचें आहे. आपला अशिक्षित गारुडी हें तत्त्व पिढ्यान् पिढ्या आचरीत आला आहे.

जमुऱ्याचें दुसरें काम याहून अवघड आहे. तें म्हणजे डोळ्यांस पट्टी बांधून किंवा चादरीखालीं निजून लोकांच्या हातांतील वस्तु ओळखणें. उस्ताद गर्दींत फिरतो, कोणाचें घड्याळ उचलतो, कोणाची टोपी, कोणाची छत्री. आणि चादरीखालून पोरगा अचूक नांव सांगतो. यांत मंत्र नाहीं कीं भूत नाहीं. आहे ती केवळ पाठांतराची शिकस्त. प्रश्नाच्या शब्दांतच उत्तर दडविलेलें असतें. समजा, ‘बोल’ म्हटलें तर घड्याळ, ‘सांग’ म्हटलें तर नाणें, ‘लवकर सांग’ म्हटलें तर नोट, आणि ‘नीट विचार करून सांग’ म्हटलें तर टोपी, अशी दोघांनीं खूण ठरविली आहे. अशा पुष्कळ खुणा पाठ करावयाच्या, रोज त्यांची उजळणी करावयाची, आणि इतकें करून चेहरा असा ठेवावयाचा कीं जणूं कांहींच ठाऊक नाहीं. फ्रान्सचा विख्यात जादूगार रॉबेर-ऊदँ यानें १८४६ सालीं पॅरिस येथें आपल्या लहान मुलास डोळे बांधून बसवून हाच प्रकार रंगभूमीवर केला, तेव्हां सारें शहर थक्क झालें होतें. पॅरिसच्या नाट्यगृहांतील तो मुलगा व आपल्या बाजारांतील जमुरा हे एकाच विद्येचे विद्यार्थी होत.

तिसरा प्रकार टोपलीचा. पोरास टोपलींत बसवून वरून कापड टाकतात, आणि गारुडी तलवार घेऊन टोपली आरपार भोंसकतो. आंतून किंकाळी येते. बायका तोंडावर पदर घेतात. थोड्या वेळानें पोरगा सुखरूप बाहेर येऊन सलाम करतो. या टोपलीचें तोंड अरुंद व पोट रुंद असतें. पोरगा तिच्या पोटाच्या कडेनें अंग वळवून वेटोळें घालून बसतो, आणि मधली मोकळी जागा तलवारीच्या वाट्यास येते. कोणत्या बाजूनें, कोणत्या क्रमानें व किती खोल तलवार जाणार, हें दोघांस ठाऊक असतें. येथें चुकीस क्षमा नाहीं. उस्तादानें एक बोट चूक केली, किंवा जमुऱ्यानें एक वीत अंग हलविलें, तर खेळाचा प्राणघातक प्रसंग व्हावयाचा. परस्परांवरील असा विश्वास वर्षानुवर्षांच्या सहवासावांचून येत नाहीं. हंसविणाऱ्या जोडीच्या मागें किती शिस्त असते, हें या एका खेळावरून कळून येईल.

दोघांपैकीं एकानें शहाणपण मिरवावें व दुसऱ्यानें तें हाणून पाडावें, ही रचना आपल्या देशांत फार प्राचीन आहे. संस्कृत नाटकाच्या पूर्वरंगांत सूत्रधार व विदूषक यांचा संवाद असे. आपल्या तमाशांत गवळणीच्या वेळीं मावशी व पेंद्या यांची अशीच जुगलबंदी रंगते, आणि पुढें वगांत सोंगाड्या राजाचीहि भीड ठेवीत नाहीं. सांगली जिल्ह्यांतील कवलापूरचे काळू-बाळू, म्हणजे लहू व अंकुश खाडे हे जुळे भाऊ, यांनीं ‘जहरी प्याला’ या वगांत दोन हवालदारांचीं सोंगें घेऊन महाराष्ट्रास हंसविलें, हें सर्वश्रुत आहे. गारुड्याची जोडी याच कुळांतील. भेद इतकाच कीं, सोंगाड्याचा विनोद विनोदाकरितांच असतो, आणि जमुऱ्याच्या विनोदाच्या आड एक गुप्त काम चाललेलें असतें.

रस्त्यावरील ही विद्या रंगभूमीवर व रुपेरी पडद्यावर नेण्याचा मान महाराष्ट्राकडे मोठ्या प्रमाणांत जातो. हिंदी चित्रपटाचे जनक धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे दादासाहेब फाळके, हे चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं जादूचे प्रयोग करीत असत. त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेल्या या गृहस्थानें चित्रकला, छायाचित्रण, मुद्रण अशा अनेक कला हस्तगत केल्या. १९०१ च्या सुमारास त्यांनीं जादूविद्याहि शिकून घेतली. ‘प्रोफेसर केळफा’ या नांवानें ते प्रयोग करीत. हें विलायती वाटणारें नांव म्हणजे ‘फाळके’ हींच अक्षरें उलट क्रमानें लिहिलेलीं आहेत! नांवांतच हातचलाखी करणारा हा पुरुष किती विनोदी असेल, याची कल्पना यावरून होईल.

१९१३ सालीं त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला. १९१७ चा ‘लंकादहन’ व १९१९ चा ‘कालियामर्दन’ यांत त्यांनीं जे चमत्कार दाखविले, त्यांच्या मुळाशीं जादूगाराचीच बुद्धि होती. वस्तु नाहींशी करणें, लहानाची मोठी करणें, एकाची दुसरी करणें, हें गारुडी चादरीखालीं करतो. फाळक्यांनीं तें कॅमेऱ्याच्या आड केलें. आणि येथेंहि सहकाऱ्यावांचून भागलें नाहीं. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मला भोंकें पाडणें, ती धुणें, उजेड परतविण्याकरितां पांढरी चादर धरून उन्हांत उभें राहणें हीं कामें करीत, आणि शिवाय कामावरील सर्व माणसांचा स्वयंपाकहि त्यांच्याकडेच असे. पडद्यावर नांव एकाचें दिसलें, तरी हात दोघांचे होते.

रंगमंचावरील जादूच्या बाबतींत पुण्याचे जादूगार रघुवीर (१९२४–१९८४) यांचें नांव मराठी मनुष्य विसरणार नाहीं. रघुवीर भोपळे हें त्यांचें पूर्ण नांव. देशोदेशीं प्रयोग करून त्यांनीं मराठी भाषेंत प्रवासवर्णनहि लिहिलें. आणि त्यांच्या मागें त्यांच्या घराण्यांत पुत्र व नातू यांनीं ही कला पुढें चालविली. मराठी घरांतील मुलांनीं जादूचा खेळ सभागृहांत तिकीट काढून पाहावा, त्यांत ओंगळ कांहीं असूं नये आणि पोट धरून हंसावें, ही प्रथा पडण्यास अशा कलावंतांचा फार उपयोग झाला.

विनोदी जादूच्या जोडीनें एका जन्मांत किती मजल मारावी, याचें सर्वांत ठळक उदाहरण मात्र अमेरिकेंत सांपडतें. पेन जिलेट व टेलर अशीं या दोघांचीं नांवें. टेलर १९४८ सालीं फिलाडेल्फिया शहरीं जन्मला, आणि पेन १९५५ सालीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील ग्रीनफील्ड येथें. पेन धिप्पाड, मोठ्या आवाजाचा व अखंड बडबड करणारा. त्यानें सर्कशींतील विदूषकांच्या शाळेंत शिक्षण घेतलेलें. टेलर ठेंगणा व सौम्य. तो पूर्वीं एका हायस्कुलांत लॅटिन भाषेचा शिक्षक होता! रंगमंचावर तो एक अक्षरहि बोलत नाहीं. विद्यार्थिदशेंत मेजवान्यांच्या गोंगाटांत प्रयोग करतांना त्याच्या ध्यानांत आलें कीं, जादूगार बोलूं लागला कीं लोक त्यास टोमणे मारतात. तो मुका राहिला तर टोमणा मारावयास जागाच उरत नाहीं. तेव्हांपासून मौन हेंच त्याचें हत्यार झालें.

१९ ऑगस्ट १९७५ रोजीं मिनेसोटा येथील एका जत्रेंत त्यांनीं प्रथम एकत्र प्रयोग केला. म्हणजे या जगविख्यात जोडीचा आरंभहि आपल्या गारुड्याप्रमाणें जत्रेंतच झाला. कांहीं वर्षें त्यांच्यासह एक संगीतकार मित्र होता. १९८१ नंतर ते दोघेच राहिले. १९८५ त न्यूयॉर्कच्या लहान रंगभूमीवर व १९८७ त ब्रॉडवे या मुख्य रंगभूमीवर त्यांचे प्रयोग गाजले. २००१ पासून लास व्हेगास शहरांतील रिओ या हॉटेलांत त्यांचा मुक्काम आहे. २०११ त त्यांनीं एक निराळीच दूरचित्रवाणीमाला सुरू केली: इतर जादूगारांनीं यावें, खेळ करावा, आणि या दोघांस युक्ति ओळखतां आली नाहीं तर बक्षीस न्यावें. स्वतः फसण्याचें निमंत्रण देणारे हे उस्ताद विरळाच. २०२५ सालीं त्यांच्या जोडीस पन्नास वर्षें पुरीं झालीं. इतकीं वर्षें कशीं टिकलांत, असें विचारल्यास पेन सांगतो कीं, आमचा पाया लाडक्या मैत्रीवर घातलेला नाहीं, एकमेकांच्या कामाविषयींच्या आदरावर घातलेला आहे. हें उत्तर कोणत्याहि धंद्यांतील भागीदारांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

या जोडीच्या कीर्तीचें खरें कारण त्यांचा प्रांजळपणा होय. तीन वाट्यांचाच जुना खेळ त्यांनीं पारदर्शक पेल्यांनीं केला. आंतली गोळी स्वच्छ दिसते, हात कोठें जातो तेंहि दिसतें, आणि तरीहि पाहणाराचें लक्ष मागें पडतें व तो थक्क होतो. दुसऱ्या एका खेळांत तांबडा चेंडू टेलरच्या मागोमाग पाळीव प्राण्याप्रमाणें चालतो, उडी मारतो. खेळापूर्वींच पेन लोकांस सांगून टाकतो कीं, ही करामत दोऱ्याची आहे. सांगूनहि चमत्कार उणा होत नाहीं. उलट ‘दोऱ्यानें इतकें साधतें तरी कसें?’ असें कौतुक दुणावतें. २००३ सालीं हेच दोघे रस्त्यावरील जादूचा शोध घेत चीन, इजिप्त व हिंदुस्थान या तीन देशांत हिंडले, आणि त्या प्रवासाची चित्रमालिका त्यांनीं केली. जगप्रसिद्ध उस्तादांनीं आमच्या धुळींत बसलेल्या उस्तादांकडे यावें, यांतच आमच्या गारुड्याचा मोठेपणा आहे.

येथें एक महत्त्वाचा भेद सांगितला पाहिजे. युक्ति तीच, पण हेतु दोन असूं शकतात. गारुडी म्हणतो, ‘हा हाताचा खेळ आहे, पोटाकरितां करतों.’ भोंदू म्हणतो, ‘ही देवाची शक्ति आहे, माझ्या पायां पडा.’ पहिला आपली करमणूक करून दोन पैसे मागतो. दुसरा आपली बुद्धि मागतो, आणि मागाहून घरदारहि. नव्या करारांतील प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायांत शोमरोनांतील शिमोन नांवाच्या जादूगाराची हकीकत आपण वाचली आहे. तो आपल्या विद्येनें लोकांस थक्क करी व आपण कोणी मोठा आहों असें भासवी. अखेर पवित्र देणगीहि पैशानें विकत मिळेल असें त्यास वाटलें आणि पेत्रानें त्याचा कडक निषेध केला. शिमोनाचा दोष त्याच्या हातचलाखींत नव्हता. जें देवाचें तें आपलें म्हणून मिरविण्यांत व विकूं पाहण्यांत होता.

महाराष्ट्रांत हा भेद लोकांस पटवून देण्याकरितां कित्येकांनीं कष्ट केले आहेत. सिलोनमध्यें डॉ. अब्राहम कोवूर यांनीं बुवाबाजीस आव्हान दिलें. आपल्याकडे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनीं १९८९ सालीं महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना केली. तिचे कार्यकर्ते गांवोगांव शाळांतून जातात आणि जादूगाराच्याच पद्धतीनें लोकांचे डोळे उघडतात. एक जण बुवाचें सोंग घेऊन जिभेवर पेटता कापूर ठेवतो, पाण्यानें नारळ पेटवून दाखवितो. दुसरा लगेच त्यामागचें शास्त्र सांगतो. कापूर पेटला तरी जीभ ओली असून तो झटकन हलविला जातो. नारळाच्या शेंड्यांत सोडियमचा तुकडा दडविलेला असतो, आणि पाणी लागतांच तो पेट घेतो. हळदींत चुना कालवला तर रंग लाल होतो, हें तर आपल्या आजीसहि ठाऊक आहे. परंतु तेंच ‘रक्त’ म्हणून दाखविल्यास भलेभले घाबरतात. हे कार्यकर्तेहि एका अर्थीं उस्ताद व जमुरा होत. मात्र त्यांचा खेळ युक्ति सांगितल्यावर पुरा होतो.

या कामाची किंमत डॉ. दाभोलकर यांनीं प्राणानें दिली. २० ऑगस्ट २०१३ रोजीं सकाळीं पुण्यांत फिरावयास गेले असतां त्यांची हत्या झाली. त्याच वर्षीं जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रांत आला. तथाकथित चमत्कार करून पैसा उकळणें व लोकांस फसविणें हा त्यान्वयें गुन्हा ठरला आहे. यावरून दिसेल कीं हातचलाखी हा केवळ पोरखेळ नव्हे. ती कोणाच्या हातीं आहे व ती वापरणारा खरें बोलतो कीं खोटें, यावर पुष्कळ माणसांचें सुखदुःख अवलंबून असतें.

जो प्रामाणिक गारुडी, त्याची मात्र आज दैना आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें साप बाळगून खेळविण्यास बंदी झाली. सापांच्या दृष्टीनें ती न्याय्यच होती. परंतु १९५९ च्या मुंबई भिक्षाप्रतिबंधक कायद्यांत भीक मागण्याची जी व्याख्या केलेली आहे, तींत गाणें, नाचणें, भविष्य सांगणें व खेळ करणें यांच्या मिषानें सार्वजनिक जागीं पैसे घेणें याचाहि समावेश आहे. म्हणजे ज्या विद्येस सभागृहांत कला म्हणावें, तिलाच रस्त्यावर भीक म्हणावें, असा हा प्रकार झाला. दिल्लीच्या उच्च न्यायालयानें २०१८ सालीं तेथें लागू असलेल्या याच कायद्याचीं अनेक कलमें रद्द केलीं, ही आशा वाढविणारी गोष्ट होय.

जमुऱ्याचा प्रश्न याहूनहि नाजूक आहे. शेंकडों खुणा मुखोद्गत असलेला, तीन भाषांत हजरजबाबी उत्तरें देणारा तो पोरगा पुष्कळदां शाळेची पायरीहि चढलेला नसतो. सर्व प्रश्नांचीं उत्तरें देतो, पण आपलें नांव त्यास लिहितां येत नाहीं! २००९ च्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा हक्क मिळाला आहे. परंतु आज मढी, उद्यां पैठण, परवां पंढरपूर अशी ज्याची वाट, त्याला हजेरीपटावर ठेवणार कोण? खेळ टिकावा म्हणून मुलानें अडाणी राहावें, हें कोणत्याहि शहाण्या मनुष्यास पटणार नाहीं. आणि मुलगा शिकला म्हणून त्याच्या बापाची विद्या मातीमोल व्हावी, हेंहि पटूं नये. पूर्वीं लॅटिन शिकविणारा शिक्षक जर जगांतील उत्तम जमुरा होऊं शकतो, तर आपला जमुरा शिकून सवरून उत्तम उस्ताद कां होऊं नये? ही सांगड कशी घालावी, याचा विचार पुढारी मंडळीइतकाच आपण विद्यार्थ्यांनींहि करावयास पाहिजे. अशा घरचा मुलगा वर्गांत आल्यास त्याची थट्टा न करतां त्यास शेजारीं बसवून घेणें, एवढें तर आपल्या हातीं खास आहे.

शेवटीं विद्यार्थिमित्रांस दोन शब्द. पुढच्या वेळीं बाजारांत डुगडुगी वाजली तर अवश्य थांबा. गारुडी ज्या हाताकडे बोट दाखवितो, त्या हाताकडे न पाहतां दुसऱ्याकडे पाहा. आणि जमुरा हंसवूं लागला कीं दांत ओठ खाऊन हंसूं आवरा, म्हणजे कांहीं तरी सांपडेल. बहुधा तरीहि सांपडणार नाहीं, आणि त्यांतच खरी गंमत आहे. युक्ति सांपडली, तरी भर रिंगणांत ओरडून त्या दोघांची भाकर हिरावूं नका. घरीं येऊन स्वतः करून पाहा, म्हणजे ती किती अवघड आहे तें कळेल. मात्र कोणी तीच युक्ति करून तिला दैवी शक्ति म्हणूं लागला, तर तेथें गप्प बसणें हें पाप समजा. आणि खेळ संपून जमुरा वाटी घेऊन फिरूं लागला, तर मान वळवून निघून जाऊं नका. तुम्हांस हंसवून, खरें सांगून फसविणाऱ्या या दोघांनीं तुमच्याकडून जें घ्यावयाचें, तें उघड उघड मागितलें आहे.